जॉइंटवरची काजळी

"आता येतोय का वास?" बाबांनी बॉनेटच्या आडून विचारलं.

येत होता. कच्च्या पेट्रोलचा, घशात चरचरणारा. कुंभार्ली घाटातल्या एका वळणावर आमची गाडी दोन आचके देऊन बंद पडली होती. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटलेला. घड्याळात नऊ वीस. अकरा वाजता कराडला पोचायचं होतं.

"येतोय, बाबा."

"पेट्रोलचा का धुराचा?"

"दोन्ही."

बॉनेटमागे पाना खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग बाबा पुढे आले, कपाळाचा घाम बाहीने पुसत. "काल संध्याकाळी पुन्हा एक हात मारला होता गो सिलिकॉनचा. त्या जॉइंटातून आता वारा जायची सोय नाही. मग हा वास येतोय कुठून?"

मी मागच्या सीटवर माझ्या लेकीला, शर्वीला, मांडीवर घेऊन बसले होते. ती खिडकीच्या काचेवर बोटाने रेघा मारत होती. तिच्या उजव्या कानामागे यंत्र होतं आणि केसांत चुंबकाने चिकटलेली रुपयाएवढी चकती. यंत्रावरचा हिरवा ठिपका लुकलुकतोय ना, हे मी दर पाच मिनिटांनी बघायचे. आताही बघितलं. लुकलुकत होता.

"बाबा, आजचा तिसरा मंगळवार आहे," मी म्हटलं.

"मला माहीत नाही का?" ते म्हणाले आणि पुन्हा बॉनेटमागे गेले.

शर्वी जन्मली ती ऐकू न येणारी. दोन वर्षांची झाल्यावर तिच्या कानात शस्त्रक्रियेने यंत्र बसवलं. यंत्र बसवलं की पोर ऐकायला लागतं असं आम्हाला वाटलं होतं. डॉक्टरांनी समजावलं, यंत्र फक्त आवाज आत पोचवतं. आवाज म्हणजे काय हे तिला शिकवावं लागेल, आणि तेही लवकर. कराडच्या एका केंद्रात ज्योत्स्ना मॅडम ते शिकवत. आमच्या टापूत दुसरं कोणी मला ठाऊक नव्हतं. दर मंगळवारी अकराची वेळ मिळाली होती. नियम एकच: सलग तीन मंगळवार चुकले तर जागा यादीतल्या पुढच्या मुलाला. त्या यादीत बावीस नावं होती. मी दारावर लावलेली बघून मोजली होती.

चिपळूणहून कराड म्हणजे मधे हा अख्खा घाट. एसटीने आम्ही दोनदा जाऊन बघितलं. वळणांवर शर्वीला उलट्या झाल्या, यंत्रात ओल गेली, दोन दिवस ते बंद. त्यानंतर बाबा म्हणाले, "मी सोडतो. माझी गाडी काय शोभेला ठेवलीय?" शर्वीचे वडील, विनायक, बोटीवर, सहा महिने समुद्रात. त्यामुळे आम्ही तिघंच: बाबा, मी आणि शर्वी.

बाबा, म्हणजे माझे सासरे भिकाजी उदेग, एकतीस वर्षं एसटीच्या डेपोत मेकॅनिक होते. डेपोत त्यांना थेंबमेस्त्री म्हणत. त्यांनी हात लावलेल्या बसखाली तेलाचा थेंब दिसला तर चहा माझ्याकडून, अशी त्यांची पैज असायची, आणि म्हणे तो चहा कधीच कोणाला मिळाला नाही. प्रत्येक जॉइंट ते जाडजूड सीलंटने असा बंद करत की उघडताना पुढचा माणूस रडायचा. निवृत्तीनंतर घेतलेल्या पेट्रोल गाडीचीही देखभाल तशीच चालली होती.

पहिला मंगळवार चुकला तो असा. सकाळी सातला आम्ही निघालो. बाबांनी गाडी काढली, मी शर्वीला घेऊन मागे बसले. घराच्या फाटकापाशीच मी म्हणाले, "बाबा, धुराचा वास येतोय गाडीत."

बाबांनी ब्रेक दाबला. मागे वळून आधी शर्वीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "नक्की?"

"हो."

माझ्या नाकाची घरात थट्टा व्हायची. दूध उतू जाण्याआधी मला वास यायचा, भातात खडा असला तरी हिला वासावरून कळेल असं सासूबाई म्हणायच्या. बाबांनी लगेच इंजिन बंद केलं. "बंद गाडीत धूर म्हणजे विष. पोर मागे बसायची. उतरा दोघी. आज जायचं नाही."

त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी इंजिनाला सायलेन्सरची नळी जिथे जोडलेली असते तो जॉइंट उघडला आणि लाल सिलिकॉनच्या ट्यूबने दोन बोटं जाड लेप देऊन बंद केला. मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. लोणच्यात घालायच्या व्हिनेगरसारखा आंबट वास आला. मी केमिस्ट्री घेऊन बीएस्सी केलंय. सीलंट सुकताना त्यातून ॲसिटिक ॲसिड सुटतं, हे मला माहीत होतं. पण त्या वासाचं मी काही बोलले नाही.

शनिवारी पिवळा दिवा लागला. बाजारपेठेतल्या गॅरेजवाल्याने मशीन लावून सांगितलं, ऑक्सिजन सेन्सर गेला. नवा बसवला. सोमवारी संध्याकाळी बाबांनी पुन्हा लेप दिला. "उद्या पोर बसणार आहे," एवढंच म्हणाले. मंगळवारी घाटाच्या पायथ्याच्या पोफळीपर्यंत पोचायच्या आत गाडी आचके द्यायला लागली, आणि आता खरोखरच वास येत होता, पेट्रोलचा. मी सांगितलं. परत फिरलो. दुसरा मंगळवार गेला. गॅरेजवाला म्हणाला, सेन्सर डुप्लिकेट निघाला असेल. तिसरा बसवला. आणि काल संध्याकाळी बाबांनी आणखी एक हात मारला होता.

घाटात पंधरा मिनिटांनी इंजिन निवलं, पुन्हा सुरूही झालं. पण चढ घेईना. पहिल्या गिअरमध्येही खोकत होतं. बाबांनी तीन वेळा प्रयत्न केला. तिसऱ्या वेळी गाडी मागे घरंगळली तेव्हा मी शर्वीला घट्ट धरलं आणि ओरडले. शर्वीने माझं उघडलेलं तोंड बघितलं आणि हसली. तिला तो खेळ वाटला.

"खाली अन्वरकडे नेतो," बाबा म्हणाले. "पायथ्याशी शेड आहे त्याची. त्याच्याकडे मशीन आहे."

"आणि कराड?"

बाबांनी गाडी वळवली. आरशात त्यांचे डोळे दिसत होते. ते रस्त्यावर होते.

अन्वर परकार चाळिशीचा, बुटका, गळ्यात चष्मा लटकवलेला. बाबांना बघून हातातला पाना खाली ठेवला. "या, थेंबमेस्त्री! तुम्ही माझ्या दारात? म्हणजे आज मला चहा मिळणार तर."

"चहा नंतर पाज, तूच. आधी हिला बघ. पोरीला अकराला कराडात पोचवायचंय."

अन्वरने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. दहाला पाच कमी. तो वायर आणायला आत गेला. मी केंद्रात फोन लावला. फोनवरच्या बाई म्हणाल्या, सव्वाअकरापर्यंत थांबतील. मी "येतोच" म्हटलं. पायथ्यापासून कराडला दोन तास लागतात, हे मला ठाऊक होतं.

अन्वरने स्टिअरिंगखाली वायर लावली आणि हातातल्या छोट्या पडद्यावर आकडे उमटले.

"हा बघा, मेस्त्री. हा सेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय हे हुंगतो आणि कॉम्प्युटरला कळवतो. त्यावर कॉम्प्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. हा आकडा सारखा वरखाली नाचला पाहिजे."

आकडा नाचत नव्हता. तळाशी एका जागी पडून होता. अन्वरने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिन गुरगुरलं. आकडा तसाच. आणखी जोरात दाबला.

"एवढं बोंबलतोय, पण ह्याला काही ऐकूच..." अन्वरची नजर शर्वीच्या केसांतल्या चकतीवर गेली आणि तो थांबला. "म्हणजे... मेलाय सेन्सर. कॉम्प्युटरला वाटतंय पेट्रोल कमी पडतंय, म्हणून तो आंधळ्यासारखा ओततोय. म्हणून वास, म्हणून आचके."

"दोन आठवड्यांत तिसरा सेन्सर मरतो का रे?" बाबा म्हणाले. "नवेच डुप्लिकेट येतात सगळे."

"एक डुप्लिकेट येईल. तिन्ही लागोपाठ कसे मरतील, काका?"

त्याने खाली वाकून सेन्सर सोडवला. बोटाएवढा, टोकाला जाळीदार टोपी. फडक्याने धरून तो उजेडात आणला. एवढं पेट्रोल ओतल्यावर टोक काळं असायला हवं होतं. ते पांढरं होतं. बारीक रव्याचा लेप बसल्यासारखं.

मला ते त्याच क्षणी कळलं. पांढरं, दाणेदार, उष्णतेला न जळणारं. सिलिका. कॉलेजात भट्टीत तापवायच्या क्रुसिबलच्या तळाशी असंच उरायचं. आणि अंगणातला तो आंबट वास. मी तोंड उघडलं नाही. अन्वरच म्हणाला.

"सिलिकॉन लावलं का कोणी जवळपास?"

"मी," बाबा म्हणाले. "जॉइंटला. तीन वेळा."

अन्वरने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुन्हा काढला. मोठ्या माणसाला चूक कशी सांगायची, हे त्याला सुचत नव्हतं. "काका, बसला चालतं ते. डिझेलच्या जुन्या गाडीला नाकच नसतं. ह्याला नाही चालत. सिलिकॉन तापलं की त्याची वाफ धुरात जाते, ती ह्याच्या टोकावर बसते आणि ते काचेसारखं बंद होतं. मग काहीच हुंगता येत नाही. तुम्ही नवा बसवायचात आणि वरून पुन्हा..." त्याने वाक्य सोडून दिलं.

बाबा बाकावर बसले. हात गुडघ्यांवर, तळवे वर. नखांच्या कडांना लाल सिलिकॉन अजून चिकटलेलं होतं.

"पण जॉइंट लीक होता," ते म्हणाले. "म्हणून लावलं. मी उगीच नाही लावलं."

"बघू या की," अन्वर म्हणाला.

जॉइंट उघडायला अर्धा तास गेला. अन्वर छिन्नीने लाल लेप खरवडत होता आणि पुटपुटत होता, "डेपोतले लोक खरंच रडत असणार." बाबा हसले नाहीत. शर्वी माझ्या कडेवर झोपली. मी तिच्या यंत्राचा ठिपका बघत होते. सव्वाअकरा वाजले. फोन वाजला, त्या बाईंचा. मी उचलला नाही. थोड्या वेळाने वाजायचा थांबला.

लेपाखालचं मूळ गॅसकेट, जॉइंटातली पत्र्याची चपटी कडी, निघालं. अन्वरने ते बाबांच्या हातात दिलं आणि नळीचं तोंड पुसून दाखवलं. पत्रा स्वच्छ होता. कंपनीतून आला तेव्हा असेल तसा.

"लीक असता तर इथे काजळी धरली असती, काका. धूर जिथून सुटतो तिथे काळा पट्टा उमटतो. हे तुम्हाला मी काय सांगणार? हा जॉइंट कधीच लीक नव्हता."

बाबांनी गॅसकेट अंगठ्याने चाचपलं. पुन्हा पुन्हा, एकाच जागी. मग हळू आवाजात म्हणाले, "ते मी बघितलं होतं."

"कधी?"

"पहिल्याच दिवशी. उघडलं तेव्हा काजळी नव्हती. मला दिसलं ते." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पण ती म्हणाली ना, वास येतोय. तिचं नाक चुकत नाही. मी म्हटलं, माझेच डोळे म्हातारे झाले असतील. पोरीचा प्रश्न होता. उगीच कशाला धोका."

अन्वर फडक्याने हात पुसत राहिला. बाबांनी मान वर केली.

"वृषाली, त्या दिवशी वास कसला आला होता गो तुला?"

त्या प्रश्नात ठपका नव्हता. मेकॅनिक विचारतो तसं त्यांनी विचारलं. सगळे भाग समोर मांडलेले आहेत, एक जुळत नाही, तो कुठला?

त्याच्या आधीच्या मंगळवारी केंद्रातल्या काचेपलीकडे मी इतर चार आयांबरोबर बसले होते. आत ज्योत्स्ना मॅडम शर्वीच्या पाठीमागे उभ्या राहून ढोल वाजवत होत्या. आवाज आला की शर्वीने हातातला मणी डब्यात टाकायचा. एवढंच. आमच्या आधीच्या मुलाने अकरा मणी टाकले होते. शर्वीच्या हातातला मणी हातातच राहिला. मॅडम जोरात वाजवायला लागल्या. काचेतून आम्हाला ऐकू येत होतं. शर्वी मण्याकडे बघत होती, त्यातून प्रकाश कसा दिसतो ते. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "घरी रोज करता ना?" त्या चांगल्या होत्या. प्रेमाने विचारलं. बाकीच्या आया आपापल्या मुलांचे बूट बांधायला लागल्या.

रोज करत होते. त्या आठवड्यात मी तिच्या पाठीमागे स्टीलची परात इतकी बडवली की परातीला पोचा पडला. सोमवारी दुपारी थकून बडवायची थांबले, तेव्हा शर्वीने वळून बघितलं. मला वाटलं, ऐकलं. पण माझी सावली हलली होती, तेवढंच.

आणि मंगळवारी सकाळी फाटकापाशी मला पुढे जायचं नव्हतं. तो एक दिवस. फक्त एक. त्या काचेमागे बसायचं नव्हतं. मला कसलाही वास आला नव्हता.

"वृषाली?"

"आला होता, बाबा," मी म्हणाले. "धुरासारखा. बाहेरून आला असेल कुठूनतरी. कोणी पाचोळा जाळत असेल."

बाबांनी मान हलवली. "असेल," म्हणाले. "पाचोळ्याचा असेल." मग अन्वरकडे वळून म्हणाले, "चूक माझीच. न बघता करणारा मूर्ख. मी तर बघून केलं."

अन्वरकडे अपघातातल्या एका गाडीचा चांगला सेन्सर होता. त्याने तो बसवला, नवं गॅसकेट टाकलं, सुकंच, काही न लावता. इंजिन सुरू केलं. पडद्यावरचा आकडा आधी पडून राहिला. मग इंजिन तापलं तसा उठला, वर गेला, खाली आला, पुन्हा वर. नाचायला लागला. शर्वी जागी झाली होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि आकड्याबरोबर बोट वरखाली करायला लागली. अन्वर म्हणाला, "बघा, हिला बरोबर समजतंय." बाबा पडद्याकडे बघत होते, मी बाबांकडे.

आम्ही तरीही कराडला गेलो. गाडीने घाट एका दमात चढला. पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. केंद्रात काचेआड एक मुलगा होता, साडेतीन-चार वर्षांचा, आणि बाहेर त्याची आई, मी बसायचे त्याच खुर्चीत. ज्योत्स्ना मॅडम बाहेर येऊन म्हणाल्या की त्यांना नियम मोडता येत नाही. यादीतल्या बावीस आयांना त्या काय सांगणार? शर्वीचं नाव पुन्हा यादीच्या शेवटी लिहितील. साधारण आठ महिने लागतील. "घरी करत राहा," त्या म्हणाल्या. आणि मग, माझ्या हाताला हात लावून, "वय जातंय हो, तेवढंच वाटतं."

शर्वी आता चौदा वर्षांची आहे. यंत्र कपाटात आहे. आठ महिन्यांनी जागा मिळाली, वर्षभर गेलोही, पण मण्यांचा डबा भरला नाही. तो त्या गेलेल्या आठ महिन्यांमुळे भरला नाही की तसाही भरणार नव्हता, हे मला कोणी सांगू शकलेलं नाही. मी विचारलंय, बऱ्याच जणांना. फाटकापाशी काय झालं ते मात्र कोणाला सांगितलं नाही. विनायकलाही नाही. शर्वी हातांनी बोलते, माझ्यापेक्षा पुष्कळ वेगाने. बाबाही तिच्या खुणा शिकले होते. ते जाऊन तीन वर्षं झाली.

त्या दिवशी परतताना घाट उतरत होतो. शर्वी मागे झोपली होती, मी पुढे बसले होते. सकाळी गाडी बंद पडली होती त्याच वळणावर बाबांनी गाडी बाजूला घेतली आणि काच खाली केली. इंजिन चालू होतं. एकसारखं, न अडखळता.

"आता येतोय का वास?"

"नाही, बाबा."

"नीट घे."

मी काचेबाहेर तोंड काढून श्वास घेतला. दरीतल्या ओल्या मातीचा वास, कुठल्यातरी ट्रकच्या ब्रेकचा. गाडीचा काहीच नाही. "खरंच नाही."

ते उतरले. बॉनेट उघडलं आणि तापलेल्या इंजिनावर वाकले, नाक जवळजवळ टेकेल इतके खाली. बराच वेळ तसेच वाकून राहिले. बॉनेटच्या कडेने मी त्यांचा वाकलेला खांदा बघत होते. मी उतरून तिथे जायला हवं होतं. दरवाजाच्या खिट्टीवर माझा हात होता.

मग ते सरळ झाले, बॉनेट हलकेच लावलं, शर्वी उठू नये म्हणून, जिला त्या आवाजाने जाग आली नसती. गाडीत येऊन बसले.

"तू म्हणतेस तर नसेल," ते म्हणाले. "मला काही कळेनासं झालंय गो."

त्यानंतर त्यांनी पाना हातात घेतला नाही. गाडीचं काही निघालं की अन्वरकडे पाठवायचे. फक्त निघण्याआधी दर वेळी मला उभं करून विचारायचे, आणि मी नाही म्हटलं तरी क्षणभर माझ्या तोंडाकडे बघत थांबायचे.